ब्रेक, पाय, नळ्या, क्लिप, पिन, पाटी

पत्र: "मी 41 वर्षांची, नॉर्थॅम्प्टनजवळ राहते. सहा वर्षं गोदामात फोर्कलिफ्ट चालवते आहे. दारात रोज आर्टिक (पुढे ओढणारी गाडी, मागे जोडलेला ट्रेलर) लागतात आणि सुटतात, आता मलाही तीच चालवायची आहे. कारचं ब्रिटिश लायसन 2019 पासून आहे, मॅन्युअलचं. रक्तदाबाची गोळी चालू आहे, चष्मा आहे, उंची पाच फूट एक इंच. मिस्टर म्हणतात, आधी साधी लॉरी शिक, एकदम ट्रेलरला हात घालू नकोस. ओळखीचे एक गृहस्थ आर्टिकवर आहेत. ते म्हणतात, प्रोव्हिजनल (शिकाऊ लायसन) आलं की रविवारी मी शेजारी बसून शिकवतो, शाळेचे पैसे वाचतील. माझा भाऊ न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतो. तो म्हणतो, लाल पाईप काढला की ट्रेलरचा ब्रेक आपोआप लागतो, त्याचं टेन्शन घेऊ नको, खरी परीक्षा रिव्हर्सची. आणि मला रिव्हर्सचीच भीती वाटते. कुठून सुरुवात करू?" — म. शि.

ताई,

भावाचं निम्मं बरोबर आहे. उरलेल्या निम्म्यात माणसं चिरडली जातात, म्हणून त्यावर पुढे जरा सविस्तर लिहितो. आधी कागद. प्रोव्हिजनल हातात येईपर्यंत रस्त्यावर तुम्ही आर्टिकच्या स्टेअरिंगवर बसूच शकत नाही, अगदी शेजारी कोणी अनुभवी असला तरी.

डीव्हीएलएकडे, म्हणजे लायसन देणाऱ्या सरकारी खात्याकडे, दोन फॉर्म जातात. डी2 हा अर्ज आणि डी4 हा वैद्यकीय अहवाल. अर्जाला फी नाही, पण डी4 भरून देणारा डॉक्टर पैसे घेतो आणि ते तुमच्या खिशातून जातात. तुमचा नेहमीचा डॉक्टरच (जीपी) हवा असं नाही. फक्त लॉरी-बसवाल्यांचे अहवाल भरणारे खाजगी डॉक्टर असतात, ते बहुधा स्वस्त पडतात. दोन-तीन ठिकाणी फोन करून विचारा. अहवालावर डॉक्टरची सही झाली की तो चार महिनेच चालतो, तेव्हा आधी तपासणी उरकून डी2 नंतर कधीतरी, असं करू नका.

त्यातही पहिलं पाऊल चष्म्याच्या दुकानात. डी4 मधला नजरेचा भाग ऑप्टिशियन भरू शकतो, आणि अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा तिथेच. कारच्या परीक्षेला लांबची नंबरप्लेट वाचता आली की भागतं. इथे चांगल्या डोळ्याला 6/7.5 आणि दुसऱ्या डोळ्याला निदान 6/60 लागतं. चष्मा लावून चालतो, मात्र काचेचा नंबर अधिक 8 च्या वर असता कामा नये. चष्मा दोन-तीन वर्षांपूर्वीचा असेल तर आधी नंबर तपासून नवा करा, मग डी4. रक्तदाबाच्या गोळीचं म्हणाल तर गोळी चालू असणं हा अडथळा नाही. आकडा सतत 180/100 किंवा त्याच्या वर राहत असेल तर लॉरी चालवता येत नाही. तपासणीला धापा टाकत जाऊ नका, आणि घरी मोजत असाल तर आकड्यांची वही सोबत न्या. ही तपासणी 45 व्या वर्षी पुन्हा, नंतर दर पाच वर्षांनी आणि 65 नंतर दरवर्षी होते. म्हणजे चार वर्षांनी तुम्हाला ती परत आहेच.

आता मिस्टरांचा मुद्दा. पूर्वी ते म्हणतात तसंच होतं: आधी सी, म्हणजे अखंड लॉरी, आणि मगच सीई, म्हणजे ट्रेलरवाली. नोव्हेंबर 2021 पासून हा टप्पा कायद्याने काढून टाकला आहे. कारच्या लायसनवरून थेट सीईची परीक्षा देता येते आणि ती पास झालात की सी सोबतच मिळतं. अर्जात दोन्ही वर्ग मागा.

तुमच्यासाठी आमचं मत थेट सीई. कारण तुमची सहा वर्षं फोर्कलिफ्टवर गेली आहेत. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते. पुढचं टोक एकीकडे नेताना शेपूट दुसरीकडे फिरते, हे तुमच्या अंगात मुरलेलं आहे. नुसती कार चालवलेल्या माणसाला हेच समजायला वेळ लागतो. फोर्कलिफ्टची एक सवय मात्र इथे मोडावी लागेल. फोर्कलिफ्टला स्टेअरिंग फिरवलं की ती तत्क्षणी वळते. आर्टिकला उत्तर यायला वेळ लागतो. त्याच्यावर नंतर येतो. बाकी ज्यांना रोजची नोकरी अखंड लॉरीवरच हवी आहे, फर्निचर किंवा बांधकामाचा माल गल्लीबोळात पोचवायचा आहे, त्यांनी आधी सी केलं तर बिघडत नाही. तुमच्या दारात लागतात त्या सगळ्या आर्टिक. दोनदा परीक्षा, दोनदा गाडीचं भाडं कशाला?

रविवारच्या शिकवणीबद्दल. कायदा शेजारी बसणाऱ्याला मना करत नाही. त्याच्याकडे त्याच वर्गाचं पूर्ण लायसन निदान तीन वर्षं असायला हवं, आणि गाडीला पुढे-मागे एलची पाटी (वेल्समध्ये डी चालते). पण गाडी कुणाची? त्या गृहस्थांच्या मालकाची असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी आणि विम्यात शिकाऊ चालक बसायला हवा. कंपनीच्या गाड्यांचा विमा शिकाऊंना सहसा सामावून घेत नाही. विमा नसताना तुम्ही रस्त्यावर असाल तर चालक म्हणून गुन्हा तुमचा, आणि दंडाचे गुण तुमच्या कारच्या लायसनवर बसतील. त्यात रविवारी मिळणारी गाडी परीक्षेला चालेलच असं नाही. सीईच्या परीक्षेची आर्टिक निदान 14 मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद, किमान 20 टन क्षमतेची लागते. ती रिकामी चालत नाही, प्रत्यक्ष वजन 15 टनांच्या वर हवं. म्हणून शाळांच्या ट्रेलरमध्ये पाण्याने भरलेल्या हजार-हजार लिटरच्या टाक्या दिसतात. ट्रेलर बंद डब्याचा आणि कॅबइतका उंच-रुंद असावा लागतो. कंटेनर ठेवायचा नुसता सांगाडा ओढून गेलात तर परीक्षा होणारच नाही. त्या गृहस्थांकडून घ्यायचंच असेल तर दुसरं काही घ्या: त्यांच्या कॅबमध्ये शेजारी बसायला मिळत असेल तर एक दिवस बसा आणि फक्त आरसे बघा. वळणावर ते कोणत्या क्षणी कोणत्या आरशात बघतात, एवढंच.

शाळा निवडताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. कार शिकवणाऱ्याला सरकारी नोंदणी सक्तीची आहे, पैसे घेऊन लॉरी शिकवणाऱ्याला ती नाही. त्यामुळे बाजारात सगळ्या प्रकारची माणसं आहेत. कित्येक जण फक्त दलाल असतात. इंटरनेटवर चकचकीत पान, आगाऊ पैसे, आणि शिकवणारा तिसराच. म्हणून पैसे भरण्याआधी आवारात जाऊन उभ्या राहा आणि विचारा: कॅबमध्ये मी एकटी की दोन शिकाऊ? दोन असतील तर दिवसातला निम्मा वेळ तुम्ही पाठीमागे बसून काढणार. परीक्षेला हीच गाडी की दुसरी? रिव्हर्सचं मैदान स्वतःचं आहे का, आणि मैदानावर मला किती तास? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. पाच दिवसांच्या शिकवणीत चार दिवस रस्त्यावर फिरवून शेवटच्या दिवशी मैदान दाखवणारे आहेत. ते तुमच्या कामाचे नाहीत. गिअरची फार काळजी करू नका. आजच्या बहुतेक आर्टिक ऑटोमॅटिक आहेत, आणि तुमचं कारचं लायसन मॅन्युअलचं असल्यामुळे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तरी लॉरीचं लायसन मॅन्युअलचंच मिळतं.

प्रोव्हिजनल यायला साधारण तीन आठवडे धरा, प्रकृतीचा काही प्रश्न निघाला तर जास्त. पुस्तकं मात्र आजच उघडा. लेखी परीक्षेचे तीन तुकडे आहेत. पहिला, 100 प्रश्न, एक तास 55 मिनिटं, 85 ला पास. दुसरा, धोका ओळखण्याच्या 19 चित्रफिती, 100 पैकी 67. तिसरा व्यावसायिक चालकांचा, ज्याला सीपीसी म्हणतात त्यातला, प्रसंग देऊन विचारलेले 50 प्रश्न, 40 ला पास. सगळं इंग्रजीतच, दुभाष्या मिळत नाही. दुसऱ्या तुकड्यात आपली माणसं घसरतात ती कारच्या डोळ्यांनी बघतात म्हणून. लॉरीवाल्याला धोका आधी दिसायला हवा: पुढच्या बसचा डावा इंडिकेटर, फुटपाथच्या कडेला आलेली सायकल, पुलावरची उंचीची पाटी. फीचे दर सध्या असे: 26, 11 आणि 23 पौंड. रस्त्यावरची परीक्षा 115, शेवटची तोंडी-प्रात्यक्षिक 55, आणि मैदानावरची साधारण 40. शनिवार-रविवार किंवा संध्याकाळ घेतली की वर चढतं. बुकिंग सरकारी संकेतस्थळावरूनच करा. हुबेहूब दिसणारी पानं वरचे पैसे लावतात.

मैदानावरच्या परीक्षेला मॉड्यूल 3ए म्हणतात. ती पास झाल्याशिवाय रस्त्यावरची 3बी देता येत नाही. तीत दोनच गोष्टी: एस आकारात रिव्हर्स घेऊन खाच्यात गाडी लावणं, आणि ट्रेलर सोडून परत जोडणं. लोक रिव्हर्सची धास्ती घेतात आणि जोडणी गृहीत धरतात. आम्ही उलट सांगू. रिव्हर्स चुकला तर मैदानावरचा प्लास्टिकचा शंकू पडतो. जोडणी चुकली तर कित्येक टन सुटतात.

आता भावाचा लाल पाईप. घोड्याकडून, म्हणजे पुढच्या ओढणाऱ्या गाडीकडून, ट्रेलरला हवेच्या दोन नळ्या जातात, इथे त्यांना सुझी म्हणतात. पिवळी रोजच्या ब्रेकची, लाल हवेच्या पुरवठ्याची. लाल काढली की ट्रेलरच्या वाहिनीतली हवा निघून जाते आणि ट्रेलरचा आणीबाणीचा ब्रेक लागतो. इथवर भाऊ बरोबर. पण हा ब्रेक लागतो तो नळी निघाली म्हणून, आणि नळी परत लावली की तो सुटतो. आता चित्र डोळ्यांपुढे आणा: आवाराला किंचित उतार आहे, ट्रेलरचा पार्किंग ब्रेक कोणी ओढलेला नाही, आणि घोड्याचा हँडब्रेकही लावायचा राहिलाय. तुम्ही घोडा आणि ट्रेलरच्या मधल्या फळीवर उभ्या राहून लाल नळी खटकन बसवता. फुस्स आवाज येतो, ट्रेलरचे ब्रेक सुटतात आणि सगळी गाडी चालू लागते. कॅबमध्ये कोणी नाही. चालक खाली उडी मारून धावत दाराशी पोचायला बघतो, आणि दार ते शेजारची गाडी यांच्या मध्ये सापडतो. हे अपघात याच क्रमाने होतात, आणि पंचवीस-पंचवीस वर्षं गाडी चालवलेल्यांकडूनही होतात. म्हणून नियम असा: आधी घोड्याचा हँडब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात. मग ट्रेलरच्या बाजूला जाऊन त्याचं लाल बटण हाताने बाहेर ओढलेलं आहे ना हे बघायचं. बहुतेक ट्रेलरांवर लाल बटण पार्किंगचं आणि निळं आवारात हलवण्यासाठीचं. नळी काढल्याने लागलेला ब्रेक हा ब्रेक समजायचाच नाही. भावालाही हे सांगा. न्हावा शेव्याला उतार कमी असेल, पण हवा तशीच वागते.

सोडताना क्रम पाठ करा: ब्रेक, पाय, नळ्या, क्लिप, पिन, पाटी. ट्रेलरचा ब्रेक लावायचा. ट्रेलरचे पुढचे आधाराचे पाय खाली करायचे. नळ्या आणि विजेच्या तारा काढून घोड्यावर अडकवायच्या. सुरक्षेची क्लिप काढायची, ट्रेलरची पिन धरून ठेवणारा जबडा उघडण्यासाठी पिनचा दांडा ओढायचा, आणि मागची नंबरप्लेट काढून घ्यायची. ती घोड्याची असते, ट्रेलरची नाही. मग अगदी हळू पुढे. सगळं बाहेर पडण्याआधी एकदा थांबून ट्रेलर पायांवर नीट टेकलाय का बघायचं. जमीन मऊ असेल तर पायांखाली जाड फळी, नाहीतर भरलेला ट्रेलर नाक खुपसून बसतो.

जोडताना घाई होते ती मागे जाताना. घोडा ट्रेलरच्या सरळ रेषेत आणा, टेकायच्या आधी थांबा आणि उतरून उंची बघा. घोड्याच्या पाठीवर ट्रेलर टेकतो त्या ताटाला फिफ्थ व्हील म्हणतात; ट्रेलरच्या तळाची पुढची कड त्या ताटाच्या उतरत्या भागाला लागली पाहिजे, म्हणजे घोडा आत जाताना ट्रेलर किंचित उचलला जातो. ट्रेलर फार उंच असेल तर किंगपिन (ट्रेलरच्या तळाची जाड पिन) फिफ्थ व्हीलच्या जबड्यात न जाता वरून सरकते किंवा जबड्यावर नुसती टेकते. बाहेरून बघणाऱ्याला जोडल्यासारखं दिसतं, आणि पहिल्या चौकात ट्रेलर रस्त्यावर येतो. फार खाली असेल तर घोड्याचं मागचं अंग ट्रेलरच्या तोंडावर आदळतं. घोड्याचं हवेचं सस्पेन्शन वर-खाली करून हे जुळवायचं. खटका ऐकू आला तरी विश्वास ठेवायचा नाही. ट्रेलरचा ब्रेक लागलेला असताना कमी गिअरमध्ये दोनदा पुढे ओढून बघायचं. मग हँडब्रेक, इंजिन बंद, आणि टॉर्च घेऊन खाली वाकून दांडा पूर्ण आत गेलाय, जबडा पिनेभोवती मिटलाय, हे डोळ्यांनी बघायचं. क्लिप बसली तरच पुढे. मग नळ्या आणि तारा, मग पाय वर, हँडल खोबणीत, पाटी, आणि सगळ्यात शेवटी ट्रेलरचा ब्रेक सोडून दिव्यांची फेरी. पाय वर करणं क्लिपच्या नंतर का? जोडणी खोटी असेल तर ट्रेलर अजून पायांवर आहे, कोसळत नाही, एवढ्यासाठी.

उंची तुम्ही लिहिली आहे, म्हणून ताकदीबद्दलही सांगतो. यातलं फारसं काम ताकदीचं नाही, युक्तीचं आहे. पायांच्या हँडलला दोन गती असतात. दांडा आत-बाहेर करून त्या बदलतात. पाय जमिनीला लागेपर्यंत वेगाची, लागल्यावर वजनाची. वेगाच्या गतीत भरलेला ट्रेलर उचलायला गेलात तर खांदा जाईल, पाच फूट एक असो की सहा फूट. पिनचा दांडा अडला तर ओढत बसू नका. पिन जबड्यावर दाबून बसलेली असते. कॅबमध्ये जाऊन घोडा बोटभर मागे दाबा, हँडब्रेक लावा, उतरा, दांडा सुटतो. हात पोचत नसेल तर दांडा ओढायची लोखंडी आकडी मिळते, ती घ्या. बरेच जण कपडे ग्रीसने माखू नयेत म्हणून तीच वापरतात. फळीवर चढता-उतरताना तोंड गाडीकडे, दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात टेकलेला. गाडीकडे पाठ करून उडी मारायची नाही. पावसात ती फळी साबणासारखी होते.

आता रिव्हर्स. हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा, घड्याळात सहा असतात तिथे. हात ज्या बाजूला नेता, ट्रेलरची शेपूट त्या बाजूला जाते. डोक्यात डावं-उजवं उलटं करायची गरजच पडत नाही. इथपर्यंत सगळे सांगतात. शिकाऊचं चुकतं ते याच्या पुढच्या तीन सेकंदांत. तुम्ही हात डावीकडे नेता, आरशात काहीच हलत नाही. लांब ट्रेलरची चाकं पार मागे असल्याने वळण त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तुम्हाला वाटतं कमी पडलं, तुम्ही आणखी फिरवता. तेवढ्यात पहिलं वळण पोचतं, मग दुसरंही, आणि ट्रेलर भसकन दुमडायला लागतो. फोर्कलिफ्टवाल्यांचं हेच होतं, त्यांना तत्काळ उत्तराची सवय असते. म्हणून थोडं फिरवा आणि वाट बघा. गाडी सरपटावी इतकी हळू. कोन पडायला लागला की लगेच उलट बाजूला फिरवून घोडा ट्रेलरच्या मागोमाग न्यायचा, नाहीतर कोन वाढतच जातो. एकदा घोडा आणि ट्रेलर फार दुमडले की मागे जाऊन ते सरळ होत नाहीत. पुढे घ्या, सरळ करा, परत या. परीक्षेतही मर्यादित वेळा पुढे घ्यायची मुभा असते. ती वापरणं कमीपणाचं नाही, शंकूला घासणं कमीपणाचं आहे.

सराव सरळ रेषेपासून करा. पन्नास मीटर मागे, फक्त सरळ. कंटाळवाणं आहे, पण ज्याला सरळ जमतं त्याला एस जमतो. आरशांत एक खूण बघा: ज्या आरशात ट्रेलरची बाजू जास्त दिसायला लागली, शेपूट त्या बाजूला चालली आहे. तळाशी धरलेला हात दुसऱ्या आरशाकडे न्या, शेपूट त्या बाजूला परत येते. तेही थोडंच. शेपूट उजवीकडे नेणारं रिव्हर्स आधी शिका, कारण तुम्ही उजवीकडे बसता आणि ती बाजू उघडी दिसते. डावीकडचं आंधळं असतं. तिथे उतरून बघण्याचा आळस करायचा नाही.

रस्त्यावरची परीक्षा साधारण तासाभराची. किरकोळ चुका 15 पर्यंत चालतात, एक गंभीर चूक झाली की नापास. बहुतेकांची गंभीर चूक डाव्या वळणावर होते. वळताना ट्रेलरची मागची चाकं आतून कापत येतात. कॅब कोपऱ्यावरून सुखरूप गेली म्हणून स्टेअरिंग लवकर फिरवलंत तर ट्रेलर फुटपाथवर चढतो, आणि तिथे कोणी उभं असेल तर पुढचं सांगायला नको. कॅब कोपऱ्याच्या पुढे जाऊ द्या, मग वळा, आणि वळताना डाव्या आरशात ट्रेलरची चाकं दिसत राहू द्या. दुसरी ठरलेली चूक वेगाची. कारला दुभाजक नसलेल्या मोकळ्या रस्त्यावर ताशी 60 मैल असतात, आर्टिकला इंग्लंड-वेल्समध्ये 50. दुभाजकाच्या रस्त्यावर 60, पण वेग रोखणारा गव्हर्नर तिला 56 च्या वर जाऊच देत नाही. स्कॉटलंडला गेलात तर तिथली मर्यादा आधी बघून घ्या. कारच्या सवयीने 60 समजून पाय दाबला की संपलं. तिसरी चूक, कॅबमधली उंचीची पाटी न बघता निघणं. ट्रेलर बदलला की उंची बदलते. ज्या पुलावर पाटी नाही तो निदान 16 फूट 6 इंचांचा असतो. पाटी असलेल्या प्रत्येक पुलाशी आपला आकडा ताडून बघायचा.

शेवटचा तुकडा, मॉड्यूल 4, गोदामवाल्यांना सोपा जातो. पाच विषय, प्रत्येकी 20 गुण, प्रत्येकात निदान 15 आणि एकूण 80 हवेत. पट्ट्यांनी माल बांधणं, गाडीभोवतीची तपासणी, आणीबाणी, स्वतःला इजा न होऊ देणं, आणि ट्रेलरमध्ये चोरून कोणी शिरलं नाही याची खात्री. माल बांधण्याचा एक आकडा तिथे लागतोच: बांधणीने पुढच्या बाजूला मालाचं पूर्ण वजन पेललं पाहिजे, बाजूला आणि मागे निम्मं. एकीकडे उत्तम आणि दुसरीकडे बारा, असं झालं तर एकूण 80 होऊनही नापास. हा तुकडा राहिला तर लायसन असूनही पगारी गाडी चालवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

पास झाल्यावर 32 पौंडांचं टॅकोग्राफ कार्ड (चालवण्याचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं) काढा आणि सुरुवातीला गोदाम ते गोदाम अशी रात्रीची फेरी शोधा, ज्याला इथे ट्रंकिंग म्हणतात. तुमच्या भागात एम1 महामार्गाच्या दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं आहेत. दोन्ही टोकांना मोठी आवारं, रात्री रस्ता मोकळा, आणि रिव्हर्स रोज त्याच दारांना. दुकानांना माल पोचवणारी फेरी पहिल्या वर्षी घेऊ नका. तिथे मागच्या गल्ल्या आंधळ्या रिव्हर्सच्या असतात. साडेचार तास चालवलं की 45 मिनिटं थांबणं कायद्याने आहे. ते 15 आणि 30 असं तोडता येतं, पण आधी 15 आणि मग 30, उलट नाही.

प्रोव्हिजनल येईपर्यंत एक करा. घरात खेळण्यातला ट्रेलर असेल, घोडा वेगळा फिरणारा, तर तो जेवणाच्या टेबलावर घ्या. दोन चमचे समांतर ठेवून खाचा करा. घोड्याचं नाक बोटाने वळवून मागे ढकला. किती वळवल्यावर शेपूट कुठे जाते, कोणत्या कोनाच्या पुढे तो परत सरळ होत नाही, हे दहा मिनिटांत हाताला कळतं. खेळण्यात उशीर मात्र जाणवत नाही. त्यासाठी प्रत्येक वळणानंतर मनात तीन आकडे मोजा आणि मगच बोट हलवा.